बाळाकाकांच्या छतावरचा डाग

बाळाकाकांच्या हॉलच्या छताला जे भोक पडलं, ते मी पाडलं नाही. मी फक्त फोटो काढला होता. हा फरक आमच्या घराण्यात अजून कोणाच्या ध्यानात येत नाही.

आमची इमारत परळ आणि लालबागच्या मधोमध आहे. पत्ता सांगताना आम्ही परळ सांगतो, गणपतीत लालबाग. तळमजला आणि वर तीन मजले, सगळं लाकडी तुळयांवर उभं. तिसऱ्या मजल्यावर मी, माझी बायको माधवी आणि आई. आमच्या बरोबर खाली, दुसऱ्यावर, माझे धाकटे काका म्हणजे बाळाकाका, काकी आणि त्यांची मुलगी सायली. तळमजल्यावर पेडणेकर. पेडणेकर इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष. उभी नोकरी पाणीखात्यात गेल्यामुळे त्यांना जिथे तिथे पाणी दिसतं.

मला पन्नास पूर्ण झाली तेव्हा माधवी म्हणाली, "तू एखादा छंद लाव. संध्याकाळी घरी आलास की नुसता माझ्या मागे मागे फिरतोस."

म्हणून मी कॅमेरा घेतला. मोबाइलमधला नव्हे, गळ्यात अडकवायचा, लेन्स बदलता येणारा, चांगला दणदणीत डीएसएलआर. दुकानदाराने पट्टा गळ्यात घातला तेव्हा मी नकळत ताठ उभा राहिलो. (घरी आल्यावर कळलं की किमतीचं स्टिकर पाठीवर चिकटलेलं होतं. माझ्या.)

आईने तो पाहिला आणि विचारलं, "ह्यां काय हाडलंस रे?"

"कॅमेरा आहे, आई."

"मग थांब. पूजा केल्याशिवाय नव्या वस्तूक हात लावूचो नाय."

पाट आला, ताम्हन आलं, उदबत्ती लागली. आईने कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला आणि लेन्सवर बोट ठेवलं. "ह्यां सुटता?"

"सुटतं की."

"मग सोडव. दोन वस्तू आसत तर दोघांकय हळद-कुंकू लागूक व्हया."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी लेन्स काढून बाजूला ठेवली आणि कॅमेरा, उघडं तोंड छताकडे करून, पाटावर निजवला. आईने दोन्ही भागांवर मनापासून हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, उदबत्ती ओवाळली. एक अक्षत आत गेली. मी कॅमेरा उलटा करून पाठीवर थापट्या मारल्या, तशी ती बाहेर पडली. अक्षत बाहेर आली म्हणजे सगळंच बाहेर आलं, असं मी धरून चाललो.

पुढचे काही दिवस मी इंटरनेटवर व्हिडिओ पाहून शिकत होतो. त्यातल्या एका दाढीवाल्याने सांगितलं की समोरच्या झाडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं लख्ख हवं असेल तर लेन्सच्या छिद्राचा आकडा बावीसवर ठेवा, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. आमच्या खिडकीतून डोंगर दिसत नाही, समोरच्या टॉवरची पार्किंग दिसते. पण आकडा मी बावीसवर नेला आणि तिथेच ठेवला. लख्ख कोणाला नको असतं? घरात मात्र त्यामुळे उजेड कमी पडून फोटो हलायचे, म्हणून कॅमेऱ्याची तिपाई घेतली. तिपाई घेतल्यावर तर इमारतीत माझं वजन फारच वाढलं. जिन्यात लोक बाजूला होऊन वाट द्यायला लागले. (तिपाईचे पाय लागू नयेत म्हणून, असं माधवीचं मत.)

अशात पेडणेकर वर आले.

"सुहास, दुरुस्तीचा अर्ज करायचाय. छतांचे फोटो लागतील. मोबाइलचे फोटो कोण बघत नाही रे. तुझ्या तोफेने काढ."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे कलेसाठी आलं होतं. मी चारही मजल्यांवर गेलो. एकाखाली एक अशा चार खोल्या, आमची, काकांची, खालच्या सावंतांची आणि पेडणेकरांची. प्रत्येक खोलीत दाराशी त्याच जागी तिपाई लावली, कॅमेरा छताकडे वळवला, फोटो काढला. संध्याकाळी पेडणेकरांच्या घरी टीव्हीवर ते लावले. काका आले होते, सावंत आले होते. चहा होता.

पहिला फोटो, आमचं छत. पंख्याच्या जरा पलीकडे, खिडकीच्या बाजूला, एक करडा डाग. पुसट, गोल, कडा विरघळल्यासारख्या.

"ओल आहे," पेडणेकर म्हणाले.

दुसरा फोटो, काकांचं छत. पंख्याच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला, करडा डाग.

तिसरा फोटो, सावंतांचं छत. तोच डाग. चौथा फोटो लावेपर्यंत सावंतांनी कप खाली ठेवला होता. पेडणेकरांच्या स्वतःच्या छतावर, त्याच जागी, तोच डाग.

पेडणेकर उठून टीव्हीपाशी गेले आणि पडद्यावर बोट टेकवून उभे राहिले. त्यांचा आवाज खाली आला. "सरळ रेषेत येतंय. वरपासून खालपर्यंत. पूर्वी तिसऱ्या मजल्यावर त्या कोपऱ्यात मोरी होती, आठवतंय? तिचा पाइप आतच राहिलाय. तो फुटलाय."

"पण मग आमच्या छतावर डाग कसा? आमच्या वर तर गच्ची आहे," मी विचारलं.

"ओल वर पण चढते," पेडणेकर म्हणाले. पाणीखात्याचा माणूस बोलल्यावर आम्ही काय बोलणार?

"आणि डोळ्यांना कसा दिसला नाही इतके दिवस?" सावंतांनी विचारलं.

याचं उत्तर मी दिलं. ते अजून माझ्या कानात घुमतं. मी म्हणालो, "डोळ्यांना जे दिसत नाही ते हा कॅमेरा पकडतो."

आम्ही सगळ्यांनी मान वर करून पेडणेकरांचं खरं छत पाहिलं. सावंत म्हणाले, हलका दिसतो खरा. काका म्हणाले, मला तर पहिल्यापासून संशय होता. मलाही दिसला. देवाशपथ दिसला.

काकांचा चेहरा उतरला होता. येत्या रविवारी त्यांच्याकडे बैठक होती. सायलीने स्वतःच ठरवलेला मुलगा, ओंकार, आपल्या आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदा घरी येणार होता. काकांनी हॉलला नवा रंग दिला होता, सोफ्याला खोळी शिवल्या होत्या.

"पाण्याने प्लास्टर सुटून व्याह्यांच्या डोक्यात पडलं तर?" काका म्हणाले.

"पडेल," पेडणेकर म्हणाले. "शुक्रवारी फोडू, पाइप बंद करू, शनिवारी प्लास्टर. रविवारी कोणाला कळणार पण नाही."

शुक्रवारी गवंडी आला. मी ऑफिसला दांडी मारली, कारण फोटोत डाग नेमका कुठे आहे ते दाखवणारा मी एकटाच होतो. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून सांगत होतो, "जरा डावीकडे, अजून जरा, हां, बरोबर." गवंडी शिडीवर चढून ठोकत होता. सोफ्यावर काकींनी जुन्या साड्या अंथरल्या होत्या. प्लास्टर पडलं. आत कोरडं. "अजून आत," पेडणेकर खालून म्हणाले. फळी निघाली. तिच्यावरचा कोबा भुसभुशीत होऊन खाली आला. तोही कोरडा, इतका कोरडा की धुरळ्याने आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात. "अजून जरा," पेडणेकर म्हणाले.

गवंड्याने छिन्नी लावून एक घाव घातला आणि आमच्या घरातली एक शहाबादी लादी सोफ्यावर येऊन पडली.

धुरळा बसला. वरून उजेडाचा एक चौकोन आत आला होता. त्या चौकोनात माझी आई दिसत होती. ती वर तांदूळ निवडत बसली होती आणि तिच्या ताटाशेजारची जमीन नाहीशी झाली होती. तिच्या बाजूने पाहिलं तर जमिनीतून गवंड्याचं डोकं उगवलं होतं.

आई त्या डोक्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "कोण रे तू? खयसून इलंस?"

"मी गवंडी, आजी."

"दार काय झाला आमचा?"

काका भिंतीला धरून उभे होते. काकींनी हळूहळू पदर तोंडाला लावला. पेडणेकर शिडीवर चढले, भोकात हात घालून चारी बाजूंनी चाचपडले आणि खाली उतरून म्हणाले, "पाणी सरकलंय."

गवंडी म्हणाला, आता नुसतं प्लास्टर चालणार नाही, खाली फळी बसवावी लागेल, त्याला सुतार लागेल, सोमवारी बघू. आणि तो गेला. काकांच्या हॉलला छताच्या जागी माझी आई राहिली.

तात्पुरतं म्हणून आम्ही वरून भोकावर पाट ठेवला. पण आई तो दर थोड्या वेळाने बाजूला करायची. संध्याकाळपर्यंत ती आणि काकी भोकातून बोलायला लागल्या होत्या. काकी मान वर करून विचारायच्या, "वहिनी, कोकमं आहेत का हो?" आणि कोकमं पिशवीत बांधून दोरीने खाली यायची. जिना उतरायचा म्हणजे आईच्या गुडघ्यांना शिक्षा. तिला हे भोक मनापासून आवडलं. मला मात्र त्या पाटाकडे बघवत नव्हतं.

शनिवारी मी ठरवलं, निदान बैठकीचे फोटो तरी असे काढायचे की काका सगळं विसरतील. कॅमेऱ्याला डोळा लावून पाहिलं तर आत मला एक बारीक कण दिसला. म्हटलं, पाहुण्यांसमोर नको, कॅमेरा साफ करूया. लेन्स काढली. आत तोंडाने जोरात फुंकर मारली. (जेवण नुकतंच झालं होतं.) फुंकरीबरोबर थोडं ओलंही गेलं, म्हणून रुमालाचं टोक फिरवलं. मेनूत शोधून आतला आरसा वर करायचं बटण दाबलं. पाठीमागे एक चकचकीत निळसर काच दिसली. ती पुसायला रुमाल जाईना, तेव्हा माधवीच्या ड्रेसिंग टेबलावरचा मऊ ब्रश घेतला आणि गाभाऱ्यातून केर काढावा तसा हळुवार फिरवला.

माधवी मागे येऊन उभी राहिली. "तो माझा पावडरीचा ब्रश आहे."

"मऊ आहे," मी म्हणालो.

"त्यात पावडर आहे."

"मी झटकलाय."

ती काही न बोलता आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका असं गप्प राहणं शिकतात, आणि आपण त्याचा अर्थ लावणं सोडून देतो.

रविवारी पाहुणे आले. ओंकार शांत, चष्मेवाला, हसरा. त्याचे वडील कमी बोलणारे, आई हौशी. काकांनी सोफा असा सरकवला होता की पाहुण्यांची पाठ भोकाकडे राहील. वर पाट घट्ट बसवला होता आणि आईला आम्ही बजावून ठेवलं होतं. पोह्यांच्या बशा फिरल्या. ओंकारच्या आईने सायलीला जवळ बसवून घेतलं. काका जरा सैलावले. मीही सैलावलो.

तेवढ्यात वरून पाट सरकल्याचा आवाज आला.

"झील काय करता तुमचो?"

ओंकारच्या वडिलांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग मान हळूहळू मागे नेली. छतातून माझी आई, चष्मा लावून, त्यांच्याकडे उत्सुकतेने बघत होती.

"माझ्या वहिनी," काका म्हणाले. "वर राहतात."

"नमस्कार," ओंकारचे वडील छताला म्हणाले.

"नमस्कार. पोहे घेतलास? लिंबू व्हया तर सोडतंय खाली."

ओंकारने पुढे होऊन वर पाहिलं आणि सांगितलं की तो एका कंपनीत सॉफ्टवेअर करतो. आईला ते पसंत पडलं. पण त्याच्या आईचं लक्ष आता भोकावरून हटेना. तिने दबक्या आवाजात विचारलं, "हे… असंच असतं का?"

काकांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं आणि मी मदत केली. मला वाटलं, फोटोंचा विषय काढावा, वातावरण हलकं होईल. सगळ्यांना बसवून दोन-चार फोटो काढले, एक संपूर्ण हॉलचा काढला, छतासकट. आणि काय झालंय ते स्वतः न बघता कॅमेरा पेडणेकरांच्या हातात दिला. (पेडणेकरांना कोणी बोलावलं नव्हतं. ते कमिटीतर्फे आले होते.)

पेडणेकरांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"पसरलंय," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. छतावर एक डाग नव्हता, पन्नास होते. इकडून तिकडे, भिंतींवर, पडद्यांवर, गोवर आल्यासारखं छत झालं होतं. मधोमध कसलातरी लांबट ओघळ.

"एका रात्रीत एवढं?" काकांनी विचारलं.

"मी जबाबदारी घेऊ शकत नाही," पेडणेकर म्हणाले. "सगळ्यांनी आधी जिन्यात चला. पोहे हातात घेऊन या, पण चला."

आणि खरं सांगतो, आम्ही गेलो. काका, काकी, व्याही, विहीणबाई, मी, सगळे बशा घेऊन जिन्यात उभे. ओंकारच्या आईने त्याचा दंड घट्ट पकडला होता. काकींच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. मला दिसत होतं की आता ही माणसं अशीच पायऱ्या उतरून जाणार, आणि सायलीचं लग्न मोडायला आमचं छत कारण होणार. वरच्या दारातून माधवी उतरून आली आणि तिने सगळ्यांकडे आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे पाहिलं.

सायली तेवढी हॉलमध्येच थांबली होती. ती कॅमेरा घेऊन मागचे फोटो बघत होती. बघता बघता बाहेर आली.

"दादा, हा कुठला फोटो?"

"परवाचा. गच्चीवरून काढलेला. ढग छान आले होते."

"आकाशाला पण गळती लागलीये?"

तिने पडदा माझ्यासमोर धरला. ढगाळ, पांढुरकं आकाश. आणि त्यात, पंखा नसताना पंख्याच्या पलीकडे आणि खिडकी नसताना खिडकीच्या बाजूला, तोच करडा गोल डाग.

ओंकारने पोह्यांची बशी आपल्या आईकडे दिली आणि कॅमेरा हातात घेतला. त्याने दोन-तीन फोटो पाहिले, छिद्राचा आकडा पाहिला आणि चष्मा वर केला. "दादा, ही सेन्सरवरची, म्हणजे आतल्या काचेवरची, धूळ आहे. लेन्स काढल्यावर आत जाते. छिद्र लहान ठेवलं की फोटोत डाग बनून दिसते, प्रत्येक फोटोत त्याच जागी. पांढऱ्या भिंतीवर, आकाशात जास्तच." मग त्याने फार मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही आतून काही साफ वगैरे केलं का? म्हणजे तोंडाने फुंकलं, कापड घातलं, ब्रश फिरवला, असं काही?"

मी खिशातला रुमाल आणखी आत ढकलला.

"तिन्ही," माधवी म्हणाली.

पेडणेकरांनी कठड्याला धरलं. त्यांच्या पाणीखात्याच्या सगळ्या नोकरीत हा एवढा मोठा गळतीचा शोध होता आणि तो असा आटला. काका माझ्याकडे बघत होते. त्यांना राग आला नव्हता, तेच वाईट होतं. ते फक्त मला नीट ओळखायचा प्रयत्न करत होते. मग ओंकारच्या वडिलांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, त्यांना काही होतंय. ते हसत होते. कमी बोलणारा माणूस हसायला लागला की थांबत नाही. ते पायरीवर बसले, चष्मा काढून डोळे पुसले आणि काकांना म्हणाले, "अहो, मी घरातून निघालो तेव्हा जरा धास्तीच होती. म्हटलं, कसली माणसं असतील, किती औपचारिक बोलावं लागेल."

हॉलच्या आतून, छतातून, आवाज आला. "काय झाला? माका ऐकाक येणा नाय. जरा मोठ्यान बोला."

बैठक जमली. उरलेली बोलणी भोकाखाली खुर्च्या मांडून झाली, कारण आईला एकही मुद्दा सुटलेला चालत नव्हता. साखरपुडा कुठे करायचा हे शेवटी तिनेच वरून ठरवलं. भोक सोमवारी बुजलं नाही. सुतार आला, पण आई आणि काकींनी त्याला चहा पाजून परत पाठवला. पावसाळ्याच्या आधी बघू म्हणाल्या.

ओंकारने मला कॅमेऱ्याची रीत शिकवली. लेन्स बदलायची तर तोंड खाली करून, लगबगीने, पंखा बंद करून. फुंकायचं ते रबरी चेंडूच्या हवेने, तोंडाने कधीच नाही. ब्रश फक्त बाहेरून. आणि कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढून आधी तपासायचं. पण माझं करणं चेंडूच्या हवेपलीकडे गेलं होतं, म्हणून कॅमेरा दुरुस्तीला दिला. परत आला तो लख्ख होऊन. लग्नाचे फोटो काढायला काकांनी बाहेरचा फोटोग्राफर ठरवला. मला त्यांनी हात जोडून सांगितलं की तू फक्त जेव.

जुलैमध्ये आमच्या स्वयंपाकघराचं छत खरोखरच गळायला लागलं. खरं पाणी, धार लागलेली, खाली बादली, माझ्या डोक्यावर टॉवेल. मी भिजत पेडणेकरांना फोन केला आणि सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर गळती आहे, ताबडतोब या.

मग पेडणेकर समजावणीच्या सुरात म्हणाले, "सुहास, शांत हो. आधी डोळे पूस, मग बघ."